हिरवं पाणी यायची वेळ

रकाना १. गटाराचे नाव : तूत गल्ली ते नदी. पावसाळी, झाकलेले. ६४० मीटर.

एवढं असिलकाननं सकाळीच भरून ठेवलं होतं, अक्षर घोटून. अकरा वर्षं ती शहराच्या पाटांतला गाळ उपसत आली होती. पण या पानगळीपासून प्रमाणपत्र नसेल त्याला कामावर ठेवणार नव्हते. मागच्या खेपेला ती नापास झाली. तिसरी खेप कुणालाच मिळत नव्हती.

रकाना २. रंग टाकल्याची वेळ : ११.२०

रंग टाकायचा वर, गल्लीतल्या जाळीतून. ती खाली नदीकाठी, गटाराच्या तोंडाशी, हातात स्टॉपवॉच. हिरवं पाणी केव्हा बाहेर येतं ते लिहायचं, एवढीच शेवटची परीक्षा. हिशेबानं तेरा मिनिटं.

"टाकला, एजे!" वॉकीटॉकीवर जुमाली ओरडला. प्रशिक्षणवर्गातला सगळ्यात वात्रट. वयानं मोठी म्हणून वर्गात सगळे तिला एजे, ताई, म्हणत. "निम्मा माझ्या पँटवर. बायको विचारेल, कुठल्या बेडकाशी झोपून आलास?"

"ती रोज बेडकाशीच झोपते. तिला कसलं नवल!"

रकाना ३. रंग पहिल्यांदा दिसला, किती मिनिटांनी :

तेरा.

चौदा.

सतरा. पाणी करंगळीएवढं, आणि नितळ.

एकोणिसाव्या मिनिटाला कुणीतरी बोललं. वॉकीटॉकी असेल म्हणून तिनं तो कानाशी धरला. तो गप्प होता. ती गटाराच्या तोंडाशी वाकली.

     आणि जाळीतून पाणी वर आलं, उंबऱ्याशी आलं, मी दार लावलं तर दाराखालून

बाईचा आवाज. पाण्याला ओठ लावून बोलावं तसा, दबका. असं कशासाठी बोलतात ते असिलकानला ठाऊक होतं. वाईट स्वप्न माणसाला सांगायचं नसतं. पहाटे उठून वाहत्या पाण्याला सांगायचं, पाणी ते घेऊन जातं. तूत गल्लीच्या बायका त्या जाळीलाच सांगायच्या, कारण तिथून पाणी जमिनीखाली जातं, पुढे कुणाच्या दारावरून वाहत नाही. पहाटे गाळ काढताना जाळीपाशी बसलेली बाई दिसली की असिलकान लांबून वळायची. दुसऱ्याचं स्वप्न ऐकू नये.

आताही तिनं बाजूला व्हायला हवं होतं. पण परीक्षा चालू होती.

     काळं पाणी, उंबऱ्याशी आलं

ही नान विकणारी सोनुनबू. मधला खोकला तिचाच.

     उंबऱ्याशी आलं, पाळणा उचलला तर खालून निथळतोय

तिसरी. पाचवी. नववी. आवाज निराळे, स्वप्न एकच.

"एजे, रंग?" हे तालायबेक, शिकवणारे इंजिनिअर, वर्गाचे मुगालिम. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान.

"नाही आला, मुगालिम."

"येऊन गेला असेल. तुमची नजर चुकली."

"माझी नजर इथेच आहे. पाणी नितळ येतंय. आत तुंबलंय काहीतरी."



"एजे, गेल्याच महिन्यात ते गटार साफ आहे म्हणून सही झालीय. माझी. तेरा लिहा आणि वर या, पुलाव निवतोय."

"आलाच नाही असं लिहिलं तर?"

"मग चाचणी अपूर्ण. अपूर्ण म्हणजे नापास. नियम मी केलेले नाहीत."

"लिहून टाक गं, एजे," मागून जुमाली म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "अकरा वर्षं घातलीस तू."

तिनं पेन टेकवलं. तेराच्या आकड्यातला पहिला १ लिहिला.

     उंबऱ्याशी आलं, जाळी उचलायला मी वाकले तर जाळी हलेना, खालून सगळ्यांचे हात, आणि मी म्हणत होते, मी लिहिलं, मीच लिहिलं, तेरा

धुळीनं बसलेला घसा. शब्दाचं शेपूट ओढायची सवय. हा आवाज तिचा स्वतःचा होता.

काल ती गाढ झोपली होती. परवाही. हे स्वप्न तिला पडलंच नव्हतं, आणि आयुष्यात तिनं पाण्याला एक शब्द सांगितला नव्हता.

म्हणजे ते अजून पडायचं होतं.

१ (खोडला)

आला नाही. ११.५८ पर्यंत उभी होते.

रकाना ४. शेरा : गटार तुंबले आहे. पाऊस व्हायच्या आत उघडा. तूत गल्लीच्या लोकांना आजच सांगा.

"काय लिहिलंत, एजे?"

तिनं वाचून दाखवलं. मग तालायबेक म्हणाले, "मला हे वर पाठवावं लागेल. तुमच्या नावानिशी."

"पाठवा."

कागद घडी करून तिनं छातीशी खोचला. बायकांचे आवाज थांबले होते. तिचा एकटीचा चालूच होता, खालच्या सुरात, न थकता. पुढे काय झालं ते तो सांगत होता. ती ऐकायला थांबली नाही. दारं ठोठावायला तूत गल्लीचा चढ चढू लागली.