सुपातला कोंडा

महानंदा घागर घेऊन दारात आली तर कडी काढलेली आणि झोका रिकामा. घागर खाली ठेवताना कलंडली, निम्मं पाणी अंगणात गेलं. दुष्काळात बाया तेवढ्या पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. तिला त्याचं भानही राहिलं नाही.

टँकर चाळीच्या तोंडाशीच थांबतो, बाळ झोपलंय, पटकन येऊ म्हणून ती बाहेरून कडी लावून गेली होती. शेजारच्या बनाबाईकडं त्याला ठेवायचं तिनं हल्ली बंद केलं होतं. बनाबाई दिसली की बाळ तिच्याकडं झेपावत होतं, ते महानंदाला सोसेना. पण टँकरपाशी भांडणं लागली आणि वेळ गेला.

बनाबाई आपल्या दारात बसली होती. बाळ मांडीवर. त्याच्या डोक्याचा चकोट केलेला, आणि शेजारच्या सुपात ते काळंभोर, मऊ जावळ.

"मावशी, हे काय केलंत?"

"जावळ काढलं. वरीस सरलं की."

"मामाच्या मांडीवर काढायचं असतं. माझा भाऊ येणार होता."

"मामाच्याच मांडीवर काढलं. माझा भाऊ लिंबाजी आला हुता, न्हाव्याला घिऊन. आत्ताच गेला."

महानंदाची नजर सुपावर गेली. ते सूप तिनं ओळखलं.

आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. हे झालं तेव्हा सासूनं, तुळजाबाईंनी, त्याला त्याच सुपात घालून बनाबाईच्या उंबऱ्यावर ठेवलं. बनाबाईनं महानंदाच्या पदरात मूठभर कोंडा टाकला आणि अख्ख्या चाळीदेखत म्हणाली, म्या इकत घेतला. लेकरू दुसरीचं झालं की मरण फसतं, म्हणे. जावळाच्या दिवशी कोंडा परत द्यायचा आणि लेकरू घ्यायचं. उस्मानाबादच्या कॉलेजात बी.ए. झालेली महानंदा मनात हसली होती. सासूनं तो कोंडा फडक्यात बांधून खुंटीला टांगला. चैत्रात सासू वारली. ऊस नाही म्हणून साखर कारखाना बंद पडला आणि नवरा, रेवणसिद्ध, काम शोधत कर्नाटकात गेला.

"बाळ द्या, मावशी."

"घे की. माझा कोंडा आण."

"दुसरा देते."

"दुसरा कशाला? मला त्योच पायजे. कुठं हाय?"

खुंटी कधीच रिकामी झाली होती. रेशनवरच्या मिलोचं, त्या तांबड्या परदेशी ज्वारीचं, पीठ एका भाकरीला कमी पडलं, तेव्हा महानंदानं तो कोंडा त्यातच मळला होता.

"खाल्ला," ती म्हणाली.

बनाबाई हसली नाही. "मोल खाऊन ढेकर दिलास, आन आता माल मागतीस व्हय?"

समोरच्या ओट्यावरनं प्रेमाबाई म्हणाली, "बनाबाई, पुरं करा आता मस्करी."

"तू हुतीस की तवा. इकलं का न्हाय हिनं?"

प्रेमाबाईनं मान खाली घातली. "इकलं हुतं खरं," म्हणाली आणि आत गेली.

महानंदा पुढं झाली. बनाबाईनं दोन्ही हात बाजूला घेतले.

"ने हिसकून. म्या धरणार न्हाय. पर मागच्या दोघांवानी झालं, तर माझ्या दारात रडत येऊ नगंस."

बाळ हाताच्या अंतरावर होतं. महानंदाचे हात मात्र मधेच थांबले. हे सगळं खूळ आहे, हे तिला पाठ होतं. हातांना ते कुणी शिकवलं नव्हतं. मागची दोन्ही लेकरं याच हातांनी मातीत ठेवली होती.

बाळ रडायला लागलं. तिला पान्हा फुटला, चोळी भिजली.

"भुकेजलंय," बनाबाई उठत म्हणाली. "ये, आत ये. पाज त्याला."

महानंदानं उंबरा ओलांडला. मागं कडी सरकल्याचा आवाज आला. ती भिंतीला टेकून बसली, तेव्हा बनाबाईनं बाळ तिच्या मांडीवर दिलं. पिता पिता त्याचे डोळे बनाबाईला शोधत होते.

"रोज येत जा, पाजून जात जा," बनाबाई त्याच्या चकोटावरून हात फिरवत म्हणाली. "पर त्याच्या म्होरं सोताला आई म्हणू नगंस. लेकरू घोटाळतं."

महानंदानं होकारार्थी मान हलवली.