कावळ्याची साक्ष

सुशीलाबाईंच्या दहाव्याला कावळा शिवेना.

धरणाच्या खालच्या अंगाला नदीकाठी एक घाट आहे. धायरीकडची बरीच माणसं तिथेच दहावा करतात. चैत्र संपत आला होता आणि सकाळीच दगड तापले होते. गुरुजींनी पिंड मांडले, सगळे मागे सरले आणि उंबरावरच्या कावळ्यांकडे बघत उभे राहिले. कावळे माना वाकड्या करून पिंडांकडे बघत होते. खाली मात्र एकही उतरत नव्हता.

"बाईचा जीव अडकला," हिंमतराव म्हणाले. हे सुशीलाबाईंचे थोरले भाऊ, दारव्ह्याहून आलेले. उन्हाची छत्री डोक्यावर धरून ते सगळ्यांच्या पुढे उभे होते. "बोला रे, कोणाले काय कबूल करायचं ते करा."

मुलगा तेजस पुढे झाला. "आई, बाबांना मी एकटं टाकणार नाही," तो म्हणाला. कावळे बसून राहिले. हिंमतरावांनी गावच्या देवीला साडीचोळी कबूल केली. कावळे बसूनच राहिले. नागोरावांना तर काही बोलताच येईना. सगळा संसार झाला, पण बायकोला काय हवं ते चारचौघांत विचारायची त्यांना सवय नव्हती.

मग हिंमतरावांनी मागे वळून चैतालीकडे पाहिलं.

चैताली नागोरावांची मुलगी. नवऱ्याने हात उचलला, पुन्हा उचलला, तेव्हा गेल्या पावसाळ्यात ती जळगावचं सासर सोडून आली आणि वाकडला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहू लागली. नोकरी तिची होतीच. सुशीलाबाईंना ते पटलं नव्हतं. भांड्याला भांडं लागतंच, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीत लेक दारात आली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "नवऱ्याला घेऊन आलीस तर दार उघडं आहे." चैताली पायरीवरून परत गेली. त्यानंतर मायलेकी बोलल्या नाहीत, आणि पुढे बोलायला सुशीलाबाईच राहिल्या नाहीत. फळीवरचा डबा काढताना त्या ओट्यापाशी पडल्या, डोक्यात रक्तस्राव झाला आणि दवाखान्यात शुद्धीवर न येताच गेल्या.

हिंमतराव पाण्यापाशी उतरले. ओंजळीत पाणी घेतलं. "बाई," ते मोठ्याने म्हणाले, "तुझी लेक जाते तिच्या घरी. मी नेऊन घालतो. हे पाणी हातात घेऊन सांगतो."

त्यांनी पाणी सोडलं आणि एक कावळा उंबरावरून सरळ खाली आला. पिंडाला चोच लावली, भात उचलला.

बायका हुंदके देऊन रडल्या. गुरुजी म्हणाले, "सुटल्या." नागोरावांनी हात जोडले. सुशीला एक शब्द न बोलता गेली होती, हे त्यांच्या छातीत दगडासारखं बसलं होतं. आता तिचा काही तरी निरोप आला, असं त्यांना वाटलं आणि तो दगड थोडा हलला.

परतताना गाडीत हिंमतराव म्हणाले, "आता याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे?" घरी आल्यावर त्यांनी जळगावला फोन लावला. तेराव्याला जावई आणि त्याचे वडील यावेत, जेवून मुलीला घेऊन जावं, असं ठरलं.

दुपारी नागोराव आतल्या खोलीत गेले तर चैताली बॅग भरत होती.

"तू जाणार?"

"आईने सांगितलं ना."

"कावळ्याने."

"तेच ते, बाबा." ती घड्या घालत राहिली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता रिकामा होता. "जिवंतपणी तिचं ऐकलं नाही. आता मेल्यावर तरी ऐकते. बघू, कदाचित सुधारला असेल तो."

"आणि नसला तर?"

"तर नसेल."

अडवायचं तर कशाच्या जोरावर? कावळ्यावर नागोरावांचाही विश्वास बसलाच होता.

हिंमतरावांच्या बायकोचे गुडघे दुखतात, तिला प्रवास झाला नाही. तिच्यासाठी तेजसने घाटावर सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. नागोरावांनी तो आपल्या मोबाइलवर मागून घेतला आणि रात्री गॅलरीत खुर्ची टाकून बघू लागले. कावळा खाली उतरतो तेवढाच भाग ते मागे नेऊन पुन्हा बघत. सुशीलाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येत, तसं काही तरी त्यांना त्या उतरण्यात दिसे. एकदा तर ते हळूच "आलीस?" असं म्हणालेही.

बघता बघता दुसरंच दिसलं. ते शोधत नव्हते, तरी दिसलं. तेजस बोलतो तेव्हा हिंमतरावांची छत्री उघडी आहे. देवीला साडी कबूल होते तेव्हाही उघडी. वारा सुटलाय, छत्री हलतेय आणि तिची काळी सावली पिंडांवर नाचतेय. ओंजळ धरायला दोन्ही हात लागतात. म्हणून पाण्याकडे जाताना हिंमतरावांनी छत्री मिटून बगलेत मारली. सावली गेली. कावळा आला.

नागोरावांनी मोबाइल पालथा ठेवला.

हे कोणाला सांगायची गरज नव्हती. सुशीला सुटली म्हणून घरात सगळे शांत होते. हिंमतराव बहिणीच्या मरणानंतर पहिल्यांदाच पोटभर जेवून घोरत पडले होते. नागोरावांनाही ती शांती हवीच होती, सगळ्यांपेक्षा जास्त हवी होती. पण आतल्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला आणि तो त्यांना ऐकू आला नाही असं त्यांना करता येईना.

सकाळी त्यांनी डब्यात भात घेतला, हिंमतरावांची छत्री घेतली आणि "जरा जाऊन येतो" म्हणून स्कूटर काढली.

घाट झाडणारा कचरू त्यांना ओळखत होता. "तुमचा दहावा तर काल झाला न्हवं?"

"झाला."

"मग आज काय?"

"एक विचारायचं राहिलं."

कचरूने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि झाडू घेऊन पलीकडे निघून गेला. घाटावर असली माणसं त्याला नवी नसावीत.

नागोरावांनी कालच्याच दगडावर भाताचे गोळे ठेवले, छत्री उघडली आणि हिंमतराव उभे होते तिथे उभे राहिले. "चैताली सासरी जाईल," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. उंबरावर कावळे होते. एकही आला नाही. पुन्हा म्हणाले, हात जोडून म्हणाले. काही नाही.

छत्री मिटली आणि गप्प उभे राहिले. तोंडातून अक्षर काढलं नाही. दोन कावळे उतरले आणि गोळा फोडून गेले.

त्यांनी दुसरा गोळा ठेवला. छत्री बगलेतच. "चैताली जाणार नाही. मी तिला पाठवणार नाही." कावळा आला.

आता काय बोलावं ते सुचेना, म्हणून "आज बुधवार आहे," असं ते म्हणाले. कावळा त्यालाही आला.

एवढं झाल्यावर निघायला हवं होतं. डब्यात थोडा भात उरला होता. नागोरावांनी तो दगडावर ठेवला आणि पुन्हा छत्री उघडली. इकडेतिकडे पाहिलं. कचरू लांब होता.

"सुशीला," ते म्हणाले, "हे कावळे छत्रीला भितात. कळलं मला. पण तू असशील तर तू भिणार नाहीस. तू कशाला भ्यायचीस? आता छत्री उघडी आहे, आता ये. काही सांगू नकोस. पोरीचं नको, तेजसचं नको, माझंही नको. नुसती येऊन जा."

वारा होता. सावली दगडावर हलत राहिली. नागोरावांनी हात बदलला, मग पुन्हा बदलला. ऊन चढून पायाखालचा दगड चटका देऊ लागला. उंबरावरचे कावळे तसेच बसून होते आणि भात वाळत होता. कोणी आलं नाही.

शेवटी त्यांनी छत्री मिटली. पाठ फिरवून दोन पायऱ्या चढतात तोच मागे पंखांचा आवाज झाला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

घरी हिंमतराव चहा पीत बसले होते. "कुठं गेले होते, भाऊजी? माझी छत्री घेऊन?"

"घाटावर. कावळा कशाने येतो ते बघायला."

मग नागोरावांनी सगळं सांगितलं. तेजसने मोबाइल काढला, व्हिडिओ बघितला, पुन्हा बघितला आणि हळूच म्हणाला, "मामा, बाबा म्हणतायत तसंच आहे."

हिंमतरावांनी कप खाली आपटला. "बायकोच्या पिंडाची परीक्षा घेऊन राहिले तुमी? लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर कोणाला न सांगता गेलो."

"छत्री, छत्री! देवाले छत्री आडवी येते का?"

"देवाला येत नसेल. कावळ्याला येते." नागोराव खुर्चीवर बसले. "हिंमतराव, तुम्ही खोटं केलं असं मी म्हणत नाही. पण ओंजळीत पाणी घेऊन तुम्ही देवीच्या साडीचं बोलला असता, तर कावळा तेव्हाही आलाच असता. देवीला साडी गेली असती आणि चैताली इथे राहिली असती. असल्या आधारावर पोरीला त्या घरात धाडायचं?"

"आमच्या बापजाद्यांनी मानलं ते सगळं चुकीचं?"

"त्यांचं मला ठाऊक नाही. मी आपल्या घाटावरचं बोलतोय."

मग हिंमतरावांनी जे विचारलं, ते नागोरावांनी वाटेत स्वतःला विचारलं होतं.

"मग माझी बहीण सुटली का नाही?"

"माहीत नाही," नागोराव म्हणाले.

चैताली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "बाबा," ती म्हणाली, "मग आईने मला माफ केलं होतं का?"

दवाखान्यात नेताना रुग्णवाहिकेत सुशीलाबाईंजवळ एकटे नागोरावच होते. जाताना तुझं नाव घेतलं, असं ते आता म्हणाले असते तर खोटं म्हणायला कोणी नव्हतं. पोर निवली असती. शब्द ओठापर्यंत आले. पण कालपासून हे घर एका खोट्या साक्षीवर चाललं होतं, आणि आता दुसरी साक्ष त्यांनी स्वतः उभी केली असती.

"ती काही बोलली नाही, चैताली. दवाखान्यापर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. एक शब्द नाही. दिवाळीत तुला बोलली तेच तिचं आपल्याला माहीत असलेलं शेवटचं. पुढे तिचं मन बदललं असतं की नाही, ते आता कोणालाच कळायचं नाही. मलाही नाही."

चैताली चौकटीला टेकून खाली बसली. आईच्या मरणानंतर ती इतकी मोठ्याने रडली नव्हती. नागोरावांनी तिला रडू दिलं. मग ते म्हणाले, "तू जायचं नाहीस. हे मी सांगतोय. त्यात तुझ्या आईचं नाव मी घालत नाही. चुकलं तर माझं चुकलं."

"आणि ती त्यातच अडकली असली तर?" हिंमतरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता राग नव्हता.

"तर तिने मला धरावं. पोरीला नको."

जळगावला फोन नागोरावांनी स्वतः लावला. व्याह्यांना सांगितलं की मुलगी येणार नाही, तेव्हा नेण्यासाठी येऊ नये. पलीकडून बरंच काही बोलणं झालं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, "बरोबर आहे, तुम्हाला राग येणारच," असं म्हणाले आणि फोन ठेवला.

तेजस बहिणीजवळ जाऊन बसला होता. हिंमतराव भिंतीला पाठ लावून खाली बसले होते, पांढऱ्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"काल रात्री मले झोप लागली होती, भाऊजी," ते म्हणाले. "ती गेल्यापासून पहिल्यांदा. ते तुमी नेलं."

"माझंही गेलं," नागोराव म्हणाले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.