दोन्ही पंख डावेच

“डोकं उत्तरेला करू नका एवढंच म्हटलं होतं मी! अक्कल कुठं ठेवायची ते तुमचं तुम्ही बघायचं होतं!”

गुरुवारी सकाळी सुलूताईचा हा आवाज शेडमधून निघाला आणि जवासखेडीतल्या यच्चयावत म्हशींनी रवंथ थांबवलं. गाव उज्जैनपासून फार लांब नाही. तिथल्या नानाखेडा स्टँडवर जीपमध्ये बसलं की ड्रायव्हरची दोन भांडणं आणि एक पंक्चर होईस्तोवर येतंच. गावच्या काळ्या मातीला चैत्रात अशा भेगा पडतात, की बद्रीलाल पटेलचं मांजर एकदा उंदरामागं भेगेत शिरलं ते चौथ्या दिवशी शेजारगावच्या विहिरीतून निघालं. उंदीर तोंडात तसाच. हे ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं, कारण याच मातीवर भय्यासाहेबांनी विमान बांधलं.

भय्यासाहेब म्हणजे सुलूताईचे यजमान. रेल्वेतून फिटर-फोरमन म्हणून रिटायर झाले. बाकीचे लोक रिटायर झाल्यावर तीर्थयात्रेला निघतात. यांच्या दारातच महाकाल, म्हणजे ती वाट बंद. मग त्यांनी विमानाचे नकाशे मागवले, शेडमधलं सोयाबीन ओसरीवर टाकलं आणि सात वर्षं लाकूड तासलं. दोन सिटांचं छोटं विमान. ते बांधायचे आणि सुलूताई डिंक लावायची, घासायची, सांधायची. पंखाच्या आतल्या फासळ्या तर तिनं एकटीनंच केल्या. एका साच्यातून करंज्या काढाव्यात तशा एकसारख्या. पुढं गोल, मागं निमुळत्या.

आता रविवारी अपर्णाताई यायची होती. इंदूरची, जन्मभर विमानं चालवलेली बाई. तिच्या सहीशिवाय पुढचा एक कागद हलणार नव्हता. फोनवर तिनं सुनावलं होतं, “मी एकदाच येणार. दोन्ही पंख लागलेले दिसले तर बघेन. नाहीतर नुसता चहा पिऊन परत जाईन. शेडमध्ये म्हातारी झालेली विमानं मी पुष्कळ पाहिलीत.”

म्हणून गुरुवारी पंख लावायचे ठरले. डावा लागला. गपकन बसला. बद्रीलालनं नारळ फोडला. मग चौघांनी दुसरा पंख उचलला, उजव्या अंगाला आणला, आणि बद्रीलाल म्हणाला, “भय्यासाब, यो कंई? लोखंड तो बाहेर रै गयो!”

पंखाचं डोकं म्हणजे विमानाच्या धडाला जोडायचं टोक. त्याला लोखंडी पट्ट्या असतात. त्या पट्ट्या राहिल्या पार बाहेर, शेताकडं. आणि शेंड्याला असते ती हलती झडप आली आत, धडाशी. पंख फिरवला तर पट्ट्या आत आल्या, पण पंखाची गोल बाजू गेली मागं. उताणा केला तर पुढचं पुढं आलं, डोकंही जागेवर आलं, पण पोट आभाळाकडं.

“चालसी नी?” बद्रीलालनं विचारलं.

“डावा पंख वर ओढेल आन् हा खाली दाबेल,” भय्यासाहेब घशातल्या घशात म्हणाले. “विमान जिलबी काढत जमिनीत जाईल.”

त्यांनी पंख खाली ठेवला, फेटा काढावा तशी टोपी काढली आणि शेडच्या जमिनीकडं बघत राहिले. जमीन सगळं सांगत होती. शेडमध्ये एका वेळी एकच पंख मावायचा. पहिला घडवला तेव्हा भय्यासाहेब म्हणाले, काम पूर्वेला तोंड करून व्हावं. म्हणून पंखाची पुढची बाजू पूर्वेला. सुलूताई म्हणाली, हा वर्षभर इथं पडून राहणार, झोपल्यासारखाच. उत्तरेला डोकं करून मढं ठेवतात, तेव्हा डोकं दक्षिणेला. झाला डावा पंख तयार. मग दुसरा घडवायला घेतला. तोंड पूर्वेला, डोकं दक्षिणेला. दिशा सांभाळल्या आणि चपला दोन्ही डाव्या पायाच्या झाल्या!

“तूच म्हणालीस उत्तरेला नको,” भय्यासाहेब म्हणाले. आणि मग सुलूताई जे बोलली ते आपण आधीच ऐकलंय.

गावाला औषध सुचायला वेळ लागत नाही. एक म्हणाला, पंख मधोमध कापा. दुसरा म्हणाला, विमान उजवीकडं वाकडं बांधा. बद्रीलालनं दाढी खाजवून अखेरचा निकाल दिला. मालव्यात जेवायचा हात तो जीमणा, दुसरा डावा. तो म्हणाला, “फिकर कंई की? यो दोई डावा को जहाज राखो, ने दोई जीमणा को दूसरो बणाई लो. जोड़ी व्हई जायगी, बैल जैसी.”

लोक हसले. भय्यासाहेबही हसले असते, पण त्यांचे ओठ हलेनात. ते घरात आले आणि म्हणाले, “सुलू, फोन दे. बाईंना सांगतो, येऊ नका.”

“फोन चार्जिंगला आहे.”

“तिच्या मारी, लाइट तर गेलीये!”

“मग येईल तेव्हा होईल चार्ज,” असं म्हणून तिनं फोन पदराखाली कमरेला आणखी आत खोचला.

तोंडानं ती भांडत होती खरी, पण चूक कुठं ते तिला ठाऊक होतं. उत्तर-दक्षिण तिचीच. आईनं शिकवलं, आजीनं शिकवलं, आणि तिनं ते एका लाकडाला शिकवलं. माणसाची सात वर्षं आपल्या एका ‘नको’नं मातीत गेली, हे तिला गिळवेना. बाई एकदा परत गेली की पुन्हा येणारी नव्हती.

दुपारी ऊन असं चढलं की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालू लागल्या. सुलूताई अंगणात साबुदाण्याचे पापड घालत होती. निंबाखाली खाट होती, तिच्यावर भय्यासाहेब आडवे पडलेले. मुद्दाम, सूड म्हणून, उत्तरेला डोकं करून.

“अहो, हे काय अभद्र? उठा. इकडं करा डोकं.”

“नाही करत.”

“बद्रीलालनं पाहिलं तर लाकडं आणायला जाईल.”

“जाऊ दे. लाकूडकामाची सवय आहे घराला.”

“उठता का नाही?”

ते उठले. तणतणत उशी उचलली, खाटेच्या दुसऱ्या टोकाला आपटली, आणि तिकडं डोकं करून पुन्हा पडले. “झालं समाधान?”

सुलूताईच्या हातातला पापड पळीवरून ओघळून पायावर पडला तरी तिला कळलं नाही. ती खाटेकडं बघत होती. खाट होती तिथंच होती, तसूभर हलली नव्हती. सुंभ तेच, माचवा तोच. तरी मघाशी जे पायथ्याचं टोक होतं ते आता उशाचं झालं होतं.

“अहो,” ती म्हणाली, “खाटेला डोकं कुठं असतं?”

“ऊन लागलं का तुला?”

“नाही, सांगा तर. जिकडं उशी, तिकडंच ना? मग पंखाची उशी दुसऱ्या टोकाला न्या की! मधल्या फासळ्या तर सगळ्या एका साच्याच्या. मीच केल्यात, मला विचारा. या टोकापासून त्या टोकापर्यंत खाटच आहे ती! लोखंड काढायचं, शेंड्याला लावायचं. झडप काढायची, इकडं आणायची. पंख हलवूच नका.”

भय्यासाहेब उठून बसले. फोरमनला इतक्या सहज हार मानता येत नाही. “फासळ्या ज्यावर बसतात तो दांडा डोक्याकडं दुहेरी आहे. वजन तिथं येतं.”

“मग दुसरीकडंही दुहेरी करा. लाकूड संपलं का मालव्यातलं?”

“डिंक वाळायला दोन दिवस लागतील.”

“आज गुरुवार. आणि हे ऊन बघा. डिंकच काय, डिंकाची बाटलीसुद्धा वाळेल.”

भय्यासाहेब अनवाणीच शेडकडं पळाले. तापल्या मातीवर पाय टेकवायची सोय नव्हती, म्हणून निम्मा रस्ता ते उडतच गेले असं बद्रीलाल सांगतो. विमानाच्या आधी विमानवाला उडाला म्हणतो.

मग शनिवार संध्याकाळपर्यंत त्या शेडमधून ठोकाठोकीचा आवाज थांबला नाही. झडपेची जागा मोकळी झाली तिथं सुलूताईनं नव्या करंज्या घडवून बसवल्या. दांड्याला दोन्हीकडून फळ्या चिकटवून शिकंजे आवळले. गावातले शिकंजे कमी पडले तेव्हा बद्रीलालनं ट्रॅक्टरचं चाक आणून वर ठेवलं. जुन्या पट्ट्यांची भोकं राहिली, त्यात लाकडाच्या खुंट्या डिंकात बुडवून ठोकल्या. शनिवारी पंख लागला. गपकन.

भय्यासाहेबांनी लगेच कापडाचा गठ्ठा काढला. “रातोरात कापड ताणून टाकू. खुंट्या झाकल्या जातील.”

“झाकायच्या कशाला?”

“अगं, हसेल ती बाई. फोरमन म्हणवतो आन् दोन्ही पंख डावे!”

“हसू दे. कापडाखाली काय आहे ते न बघता तिनं सही केली, तर त्या सहीवर तुम्हाला उडू देणार आहे का मी?”

गठ्ठा परत पेटीत गेला.

रविवारी अपर्णाताई आली. साठीची, आखूड केसांची, मोजकं बोलणारी. तिनं चहा बाजूला ठेवला आणि पंखाच्या टोकापासून बोट फिरवत निघाली. उजव्या पंखाच्या शेंड्याशी बोट थांबलं. “या खुंट्या कसल्या? शेंड्याला इतका जाड दांडा कशाला?”

भय्यासाहेबांनी बद्रीलालकडं पाहिलं. बद्रीलालनं आभाळाकडं पाहिलं.

“मी सांगते,” सुलूताई पुढं झाली. आणि सगळं सांगितलं. पूर्व, दक्षिण, मढं, जिलबी, खाट, उशी. काही वगळलं नाही, उलट मांजराचीही गोष्ट घातली.

अपर्णाताई वाकून खुंट्या बघत होती. तिनं नखानं खरवडून पाहिलं, डिंकाची रेघ पाहिली, पट्ट्या धरून पंखाला लोंबकळून पाहिलं. मग म्हणाली, “दोन डावे पंख करणारे तुम्ही पाचवे. आधीच्या चौघांनी मला सांगितलंच नाही. मी शोधून काढलं आणि चहा पिऊन परत गेले.” तिनं पिशवीतून कागद काढला. “हा सांधा पक्का आहे. सही करते.”

बद्रीलालनं दुसरा नारळ कुठून काढला कोण जाणे, पण फोडला.

“एक राहिलं,” पेनाचं टोपण काढत बाई म्हणाली. “दोन्ही सिटांवर बसणाऱ्यांची वजनं लिहायची. अंदाजानं नाही, खरी.”

“बासष्ट,” भय्यासाहेब बोलले. “आणि हिचं...”

“मी कुठं बसणार आहे!” सुलूताई म्हणाली.

“मग कोण? बद्रीलालची म्हैस? तुझ्याशिवाय मी वर जाऊन भांडू कुणाशी?”

गेल्या वीस वर्षांत सुलूताईनं काट्यावर पाय ठेवला नव्हता. डॉक्टरनं विचारलं तरी ती लग्नातलं वजन सांगायची. आता सगळं गाव अंगणात, आणि बद्रीलाल मेला उत्साहानं सोयाबीनचा तोलकाटा ढकलत आणत होता. पण समोर कागद होता, आणि त्याच्यामागं दोन पंख.

तिनं पदर खोचला. चपला काढल्या. बांगड्याही काढाव्यात की काय असा विचार करून राहू दिल्या. आणि चढली.

काटा डगमगला, थांबला. गावात कुणी श्वास घेईना. अपर्णाताईनं चष्मा लावून आकडा वाचला, लिहिला, पुन्हा वाचला.

“पेलेल पंखांना,” ती म्हणाली.

“पेलेल म्हणजे!” काट्यावरूनच सुलूताई गरजली. “पेलायलाच केलेत मी. आता एवढं पक्कं सांगा, खिडकीकडची सीट कुठली?”