पिवळ्या पिंजऱ्यातलं दूध

दिगंबर मास्तरांनी शेवटच्या उंदराचं यकृत चिमट्यानं उचलून तराजूच्या पारड्यात ठेवलं. काटा थोडा हलला आणि थांबला. मास्तरांनी पारडं पुसून पुन्हा वजन केलं. काटाही हट्टाचा, तिथेच येऊन उभा राहिला.

"सारखंच आहे," नागपूरहून आलेले आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले. "साधं पीठ खाणारे असोत की रंगाचं, यकृतात काही फरक नाही."

गिरधरशेठ हलवायानं मांडीवर थाप मारली. बुऱ्हाणपुरातली निम्मी मिठाई त्याच्या कढईतून निघे, आणि तिच्यातला पिवळा रंग विषारी असल्याची तक्रार मास्तरांनी केली होती. तो रंग पोटात गेला की यकृत सुजतं, जड होतं, हे दाखवायला त्यांनी घराच्या मागच्या खोलीत दोन पिंजरे मांडून पांढरे उंदीर पाळले होते. दिवाळी तोंडावर होती. त्याच आठवड्यात राज्यांची पुनर्रचना होणार होती, आणि नागपूरचा कारभार भोपाळला जाणार होता. बंदी यायची तर आजच, नाहीतर यंदाही तो रंग घरोघरच्या पोरांच्या पोटात जाणार.

"मास्तर, आता तर पटलं ना?" गिरधरशेठ म्हणाला. "कलेजी एकदम चांगली निघाली. फुकटचं बदनाम केलं तुम्ही मला."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

चहा घेऊन आलेल्या सुलभाबाई दारातच थबकल्या होत्या. गप्प बसलं तर नवऱ्याची फजिती आणि बोललं तरी फजितीच. पण बोलल्यावाचून राहवेना.

"अहो, रंगाच्या पिंजऱ्यात मी दूध ठेवत होते."

"काय?"

"रोज. देव्हाऱ्यात गणपतीला नैवेद्य दाखवायचा आणि त्याचं वाहन मागच्या खोलीत नुसत्या पिठावर ठेवायचं? मला नाही जमलं. त्यातून ते पिवळं खाणारे फार मलूल दिसायचे. म्हणून नैवेद्याची वाटी त्यांच्याकडेच सरकवायची मी."

मास्तरांचे कान लाल झाले. इतक्या महिन्यांच्या मेहनतीवर बायकोनं दूध ओतलं होतं, आणि तेही भक्तिभावानं. चारचौघांत ओरडता येत नव्हतं, म्हणून त्यांनी चिमटाच ताटलीत आपटला.

"साहेब, दूध मिळालं की यकृत तग धरतं," ते कसेबसे म्हणाले. "हा प्रयोग बाद धरा. मला पुन्हा करू द्या."

"बाद कसा?" गिरधरशेठ उठून उभाच राहिला. "माझी जिलेबी माव्याचीच राहते, साहेब! मावा म्हणजे दूधच की. वैनींनी तर माझं काम करून दिलं."

साहेबांना हसू आलं. सुलभाबाईंना मात्र आपल्याच हातांची चीड आली.

"आणि साखरेचे पिवळे हत्ती-घोडे?" त्यांनी विचारलं. "दिवाळीला पोरं दिवसभर चोखत असतात. त्यात कुठंय मावा?"

गिरधरशेठनं रुमाल काढून मान पुसली. साहेबांनी दोघांकडे पाहिलं आणि पेन खिशात टाकलं.

"पुराव्याशिवाय बंदी घालता येत नाही, मास्तर. पुढचं आता भोपाळवाले बघतील."

त्यांचा टांगा स्टेशनकडे गेला. मास्तर धुतलेलं पारडं पुन्हा धूत बसले. सुलभाबाई अंगणात आल्या, तर गिरधरशेठ अजून तिथेच, एका पायात जोडा घालून उभा. जिंकलेल्या माणसानं एव्हाना दुकान गाठायला हवं होतं.

"वैनी," तो हळू आवाजात म्हणाला, "दूध किती देत होत्या तुम्ही?"

"मोजलंय कुणी? एक वाटी, सगळ्यांत मिळून."

"तापवलेलं का कच्चं?"

"तापवलेलं. का हो?"

गिरधरशेठ वाकून दुसरा जोडा घालू लागला. पाय काही नीट जाईना.

"नातू दिवसभर दुकानातच बसतो माझा," तो खाली बघतच म्हणाला. "आणि दुधाला तर तोंडच नाही लावत, वैनी."