दोनशे जणांस मागितलेली क्षमा

मित्रांनो, दिघीच्या कबरस्तानात हौदाच्या काठावर पालथी घातलेली पत्र्याची जुनी झारी, ती मीच. तेलाचा डबा कापून चिंचवडच्या एका कारागिराने मला घडवले. कबरींवर पाणी शिंपडणे हे माझे जीवितकार्य. वर्षभर मला फारसे कुणी विचारीत नाही. परंतु शब-ए-बरातच्या दिवशी माझी मूठ क्षणभरही रिकामी राहत नाही.

शब म्हणजे रात्र आणि बरात म्हणजे मुक्तता. त्या रात्री ईश्वर अपराध्यांना उदारपणे क्षमा करतो. मात्र जो मनात वैर धरून बसतो, त्याच्या पदरी ती पडत नाही, अशी श्रद्धा आहे. म्हणून दिवस मावळण्यापूर्वी दुखावलेल्याच्या दारी जाऊन क्षमा मागावी, अशी रीत. त्या रीतीची यंदा जी विटंबना मी पाहिली, तिच्यामुळे मी अजून धुमसते आहे.

चाकणच्या कारखान्यात काम करणारे दस्तगीर मुलाणी वडिलांच्या कबरीवर मला कलती करून पाणी घालत होते. हौदात पाणी सोडणारे वृद्ध भिमाजी हसत म्हणाले,

“दस्तगीर, तुझा माफीचा मेसेज मला बी आला की रं! आपलं भांडण कधी झालं?”

“सगळ्यांनाच धाडला, अण्णा. दोनशे जणांना.”

“इलाहीला?”

“त्याचा नंबर ब्लॉक हाय.”

इलाही हा दस्तगीरांचा सख्खा धाकटा भाऊ! तीन वर्षांपूर्वी वडील वारले, तेव्हा दस्तगीर कारखान्यात पाळीवर होते आणि इलाहीने त्यांच्यावाचून दफन उरकले. बापाला मूठभर माती देता आली नाही, म्हणून हा अबोला. तेव्हापासून दोघे निरनिराळ्या वेळी येतात आणि एकाच कबरीवर माझ्याच तोंडाने पाणी घालतात. मला त्या पाण्याची लाज वाटते!

तेवढ्यात इलाही आला.

“झारी दे, भाई.”

दस्तगीरांनी मला त्याच्या हाती न देता जमिनीवर आदळले.

“दफनाआधी पाच तास थांबलो व्हतो मी!” इलाही कडाडला. “तुझा फोन कंपनीच्या गेटवर कुलपात. किती वाजवायचा?”

“माणूस धाडायचा व्हता.”

“धाडला व्हता की! हे भिमाजीअण्णाच गेलते. गेटवरनं आत सोडलं न्हाई.”

दस्तगीर भिमाजींकडे वळले. “अण्णा, मला कधी बोलला न्हाई?”

“तू इचारलंस कधी? इलाहीचं नाव काढलं की उठून जायचास.”

दोनशे जणांना शब्द वाटणाऱ्या त्या गृहस्थांना समोर उभ्या असलेल्या एका भावासाठी शब्द सापडेना. सूर्य अगदी टेकला, तेव्हा कुठे ते पुटपुटले, “इलाही, चूक माझी.”

 इलाहीने मला उचलले, हौदात बुडवून काठोकाठ भरले आणि भावाच्या हाती दिले.

माझा राग मात्र शमलेला नाही. एक प्रश्न विचारण्यास तीन वर्षे लागावीत? मित्रांनो, माझी निगा राखा, असे मी म्हणणार नाही. पत्रा आहे, गंजेलच. परंतु ज्याला दुखावले, त्याच्या दारी स्वतःच्या पायांनी जा. तेवढे होत नसेल, तर मला हात लावू नका.