मळाच्या वळ्या

विहिणीला घेऊन सुट्टीत कुठंही जावं, पण हमामखान्यात जाऊ नये. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मला सगळं नंतरच कळतं.

माझ्या विहीणबाई, मुअल्ला, अंकाराच्या. त्यांचा मुलगा दातांचा डॉक्टर, माझी मुलगी एज्गी त्याला दिली आहे. बकरी ईदची नऊ दिवसांची सुट्टी जाहीर झाली आणि या बाईंच्या मनात आलं, सुनेचं आजोळ बघायचं. आजोळ म्हणजे तोकात. तिथं आता आमचं घर नाही की कुणी माणूस नाही. आईला मी चौदा वर्षांपूर्वीच इझमीरला माझ्याकडे आणलं. पण विहिणीला नाही कसं म्हणणार? मुलीची आई ती मुलीची आई. आम्ही सगळे हॉटेलात उतरलो. पहिल्या दिवशी कबाब झाला, दुसऱ्या दिवशी द्राक्षाच्या पानांतला भात झाला, तिसऱ्या दिवशी मुलं गुहा बघायला गेली आणि न्याहारी करता करता विहीणबाई म्हणाल्या, इथला जुना हमाम म्हणे पुन्हा सुरू झालाय, मालिशही करतात, आपण तिघी जाऊ या.

माझा घास तोंडातच फिरला. आई मात्र पावाला चीज लावत होती, ती लावतच राहिली.

त्या हमामात माझ्या आईनं एकतीस वर्षं बायकांची अंगं चोळली होती. आणि विहीणबाईंना मी सांगितलं होतं की आई शिवणकाम करायची.

आता कुणी म्हणेल, यात लपवण्यासारखं काय आहे? कष्टाचं काम आहे. म्हणणाऱ्याचं काय जातं! त्यांना शाळेत कुणी 'चोळणारीची पोर' म्हणून हाक मारली नव्हती. साखरपुड्याला आम्ही विहीणबाईंच्या दिवाणखान्यात बसलो होतो, भिंतीवर त्यांच्या न्यायाधीश वडिलांचा फोटो, आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या आई, साबिरेबाई, काय करायच्या?" माझ्या तोंडून शिवणकाम निघून गेलं. आई शेजारीच होती. तिनं चहात चमचा फिरवला आणि म्हणाली, "नवरीचे कपडे जास्त." किती समजूतदार आई आहे माझी, असं मला तेव्हा वाटलं. दुसरं काही वाटलं नाही.

न्याहारी झाल्यावर खोलीत मी आईला बजावलं. कुणी ओळख दाखवली तरी ओळख द्यायची नाही, कुठं काय आहे ते दाखवायचं नाही, पाहुणीसारखं बसायचं. आई मोजे चढवत होती.

"मी काय तिथं भाषण करायला चाललेय?" ती म्हणाली. "आणि कोण असणार आता तिथं? माझ्या वेळच्या सगळ्या वर गेल्या."

दारातच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय करून ठेवलं होतं त्या हमामाचं! जिथं बायका डबे उघडून वांग्याचं भरीत आणि कलिंगड खात बसायच्या, पोरं रडायची, म्हाताऱ्या आपल्या मुलांसाठी सुना बघून ठेवायच्या, तिथं काचेचं टेबल आणि बासरीचं संगीत. टेबलामागे एक काळ्या सदऱ्यातली मुलगी. तिनं आम्हाला पॅकेजं सांगितली: सुलताना, राजकन्या, दासी. हो, दासीसुद्धा. राजकन्येत फेस, मालिश, वर लिंबाचं सरबत. चोळणं किती वेळ? वीस मिनिटं. वीस मिनिटांत अंगाला नीट घामसुद्धा फुटत नाही. आधी तापल्या दगडावर तासभर पडावं, कातडी मऊ व्हावी, मग हात लावावा, हे मला वयाच्या पाचव्या वर्षी ठाऊक होतं. पण मी शिवणकाम करणारीची मुलगी, मला काय ठाऊक असणार! मी तिघींसाठी राजकन्या घेतली.

कागदाच्या सपाता दिल्या, कागदाच्या चड्ड्या दिल्या. आईनं चड्डी दोन बोटांत धरून उजेडाकडे धरली आणि खिशात ठेवली. पंचा मात्र तिनं असा गुंडाळला, एका हातानं, न बघता, की मी डोळे वटारले. तिनं तो सोडला आणि बावळटासारखा पुन्हा गुंडाळला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई माझ्यासाठी बावळटपणा करत होती आणि मला हायसं वाटलं.

आत मात्र घुमट तेच होते. घुमटांच्या भोकांतून तसाच उजेड पडत होता आणि मधला मोठा दगड तसाच गरम होता. दगडाच्या पलीकडच्या कडेला इस्तंबूलच्या दोन बायका पालथ्या पडल्या होत्या. विहीणबाई भिंतीजवळच्या पाण्याच्या दगडी कुंडीशी बसल्या आणि साबणाचा हात त्यांनी सरळ कुंडीत घातला. कुंडीतलं पाणी बाटवायचं नसतं, वाटीनं अंगावर घ्यायचं असतं. आईचा हात अर्धा पुढे गेला आणि मागे आला. तो मागे आलेला मी पाहिला.

तेवढ्यात चोळणारी आली. साठी ओलांडलेली, दंड अजून कणकेच्या गोळ्यासारखे घट्ट. मी तिला लगेच ओळखलं. गुलिझार. सोळा वर्षांची असताना आईनं तिला हाताखाली घेतलं होतं. मी तेव्हा सात वर्षांची होते. याच दगडाच्या कडेला बसवून ती माझं डोकं धुवायची, साबण डोळ्यांत गेला की फुंकर घालायची.

तिनं आईला पाहिलं. हातातली बादली खाली ठेवली, आली आणि आईचा हात धरला.

"उस्ताद," ती म्हणाली. "तुम्हीच ना? कधी आलात? कुणाला कळवायचं तरी."

विहीणबाईंनी मान वळवली. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग गुलिझारकडे.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय, बाई," आई म्हणाली. "मी इझमीरची आहे."

गुलिझारनं हात सोडला नाही. ती आईच्या बोटांकडे बघत राहिली. एकतीस वर्षं पाण्यात राहिलेली बोटं, सांधे सुजलेले, नखं आत वळलेली, ती बोटं सुईदोऱ्यानं होत नाहीत. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिनं आईचा हात आईच्याच मांडीवर ठेवून दिला, दुसऱ्या कुणाची वस्तू परत ठेवावी तसा, आणि बादली उचलली.

त्या क्षणी मला शरम वाटायला हवी होती. मला राग आला. गुलिझारचाच आला. चार लोकांत असं कुणाचा हात धरतात? काही रीतभात?

तिनं विहीणबाईंना दगडावर निजवलं आणि खरखरीत हातमोजा चढवला. काम तिचं उत्तम होतं, ते मलाही दिसत होतं. मानेपासून मनगटापर्यंत एकच लांब हात, मध्ये कुठं तुटत नव्हता. विहीणबाई सुखावल्या होत्या. दंड झाला, पाठ झाली, आणि गुलिझारनं तेच केलं जे आईच्या हाताखाली शिकलेली प्रत्येक बाई करते. विहीणबाईंचा हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यावर मळाच्या करड्या वळ्या जमल्या होत्या, शेवयांसारख्या.

"बघा बाई, किती निघालं. माशाल्ला," ती म्हणाली. "खूप दिवसांचं आहे."

इस्तंबूलच्या दोघी हसल्या. वाईट हसल्या असंही नाही, हमामात हसतात तसं हसल्या. पण विहीणबाई ताडकन उठून बसल्या. चेहरा बिटासारखा. मी दिवसातून दोनदा अंघोळ करते, त्या म्हणाल्या. माझ्या घरी कामाला येणाऱ्या बाईलासुद्धा मी असं कधी बोलले नाही. कुणाला बोलवा, जबाबदार माणसाला बोलवा. आणि मी, मी काय केलं? मी त्यांच्याहून मोठा आवाज काढला. घुमटात माझाच आवाज फिरून माझ्या कानांवर येत होता. गावंढळ बाई, मी म्हणाले, पाहुण्यांशी कसं वागावं कळत नाही, असल्यांना ठेवतातच कशाला. मला वाटत होतं, हिला इथून घालवली की संपलं. आता हे मी जसंच्या तसं सांगते आहे. सजवून सांगायची माझी लायकी नाही.

काळ्या सदऱ्यातली मुलगी सपाता फडफडवत आली. तिनं ऐकून घेतलं आणि गुलिझारकडे वळली. हे तिसऱ्यांदा होतंय, ती म्हणाली. मळ दाखवायचा नाही म्हणून तुम्हाला लिहून दिलंय. आजच्यापुरतं पुरे, आणि उद्यापासूनही यायची गरज नाही.

गुलिझारनं हातमोजा काढला नाही.

"न दाखवता चोळायचं म्हणजे केलं काय?" ती म्हणाली. "लोणी लावल्यासारखा हात फिरवायचा आणि 'झालं' म्हणायचं? गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. मला असंच शिकवलंय."

"कुणी शिकवलं?" मुलगी म्हणाली.

गुलिझारनं आईकडे पाहिलंही नाही. "माझी उस्ताद होती," ती म्हणाली. "ती आता नाही."

पाणी टपकत होतं. आई कुंडीशी बसली होती, पंचा बावळटासारखा गुंडाळलेला. मला वाटलं, बस, आता ती गप्पच राहील. मी मनातल्या मनात तिला बजावतही होते, आई, बस.

"आहे," आई म्हणाली.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, दमानं. पंचा सोडला आणि एका हातानं पुन्हा नीट गुंडाळला. गुलिझारच्या हातातून मोजा काढून घेतला आणि स्वतःच्या हातात चढवला.

"ती आहे, इथंच आहे," आई म्हणाली. "विहीणबाई, आडव्या व्हा. अर्धवट चोळलेलं अंग खाजतं."

का कोण जाणे, विहीणबाई आडव्या झाल्या. माझ्या आईचा तो आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. त्या आवाजासमोर एकदा म्हणे गव्हर्नरची बायकोही पालथी झाली होती. आईनं दुसरा दंड घेतला. वय झालेलं, खांदा दुखतो, भाकरीचं पीठ मळायला मला सांगते, पण तो हात मानेपासून निघाला आणि मनगटाला पोचेपर्यंत थांबला नाही. मग तिनं विहीणबाईंचा हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"ही घाण नाही," ती म्हणाली. "ही जुनी कातडी. राणीची निघते, भांडी घासणारीची निघते. जिची निघत नाही, तिला कुणी मनापासून चोळलेलंच नसतं. गुलिझारनं तुम्हाला शिवी नाही दिली, स्वतःचं काम दाखवलं. मी याच दगडावर एकतीस वर्षं तेच दाखवत होते."

विहीणबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. आईनं त्यांच्या खांद्यात अंगठा रुतवला, नेमकी कुठली तरी गाठ सापडली असावी, कारण त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं आणि मग मोठा श्वास. रागबिग तिथंच सैल झाला. त्या मुलीला त्यांनी हातानंच 'जा' म्हटलं. राहू द्या हिला, माझी काही तक्रार नाही, म्हणाल्या. मुलगी गेली. गुलिझार भिंतीला टेकून उभी होती आणि पंच्याच्या टोकानं नाक पुसत होती.

मला वाटलं, सुटलो. आणि मग विहीणबाई पालथ्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "पण नेवीनबाईंनी तर मला शिवणकाम सांगितलं होतं."

आईचा हात थांबला नाही.

"तिला तेच ठाऊक होतं," आई म्हणाली. "मी पोरीपासून लपवलं. सकाळी शिवणाच्या दुकानात जाते म्हणून निघायचे. शाळेत तिला कुणी काही बोलू नये म्हणून. तिचा काही दोष नाही. खोटं मी बोलले."

विहीणबाईंनी मान उचलून माझ्याकडे पाहिलं. "खरंच तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

त्या दगडाच्या कडेला, जिथं बसवून माझं डोकं धुतलं जायचं, गुलिझारचा हात टेकलेला होता. ती माझ्याकडे बघत होती. आई बघत नव्हती, ती चोळत होती. सकाळपासून मी सगळ्या जगावर चिडले होते, पॅकेजांवर, बासरीवर, सपातांवर, विहिणीवर, गुलिझारवर. खरं बोलायला एक शब्द पुरला असता.

"नाही," मी म्हणाले. "मला कुणीच सांगितलं नाही."

"बिचाऱ्या," विहीणबाई म्हणाल्या, आणि ओला हात लांब करून माझा गुडघा थोपटला. मी थोपटून घेतला.

बाहेर आम्ही टॉवेल गुंडाळून बसलो. सरबत आलं. अंघोळ करून बाहेर आलेल्याला 'आरोग्य लाभो' म्हणायची आमच्याकडे रीत आहे. शेजारी म्हणतो, न्हावी म्हणतो, रस्त्यावर ओल्या केसांचा अनोळखी माणूस दिसला तरी म्हणतात, वैऱ्यालाही म्हणतात. गुलिझार आमच्यामागोमाग आली. तिनं विहीणबाईंना म्हटलं, आरोग्य लाभो. वाकून आईचा हात ओठांना लावला, कपाळाला लावला, आणि म्हटलं, आरोग्य लाभो, उस्ताद. मग ती माझ्यासमोर आली, माझा रिकामा पेला उचलला, आणि काही न बोलता आत निघून गेली.