रोझेंदोच्या मिस्सेचं मध्यंतर

फादर क्रिझांत आमच्या सांतेमळच्या चर्चमध्ये आल्यापासून प्रत्येकाला आपापल्या सोयीची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, मिळू लागली. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांची मिस्सा भरती-ओहोटीप्रमाणे मागेपुढे होई आणि तिला ओल्या पायांनी यायची मुभा होती. बँडवाल्यांच्या मिस्सेत बोलणं कमी, वाजवणं जास्त. फुटबॉलवाल्यांच्या मिस्सेला मध्यंतर असे, त्यात संत्र्याच्या फोडी वाटत. या सगळ्या मिस्सांना हजर राहणारा गावात एकच माणूस होता, घंटा वाजवणारा रोझेंदो. तो वारला आणि पंचाईत झाली.

त्याची बायको एर्मेलिंदा फादरांना म्हणाली, एकच मिस्सा करा, सगळा गाव येऊ दे आणि अंधारापूर्वी त्याला माती द्या. फादर मवाळ मनाचे. त्यांनी तिन्ही गटांना विचारलं. प्रत्येक गटाचं म्हणणं एकच, रोझेंदो आमचा. फादरांनी तिन्ही मिस्सा एकामागून एक ठरवल्या.

मिस्सेआधी शवपेटीला चर्चच्या दारात पवित्र पाणी शिंपडून आत घ्यावं लागतं. त्यामुळे एक मिस्सा संपली की पेटी बाहेर न्यायची आणि पुढच्या मिस्सेसाठी पुन्हा आत आणायची. रापणकार आपली मिस्सा उरकून सावलीत विड्या ओढत बसले. बँडवाल्यांनी मध्येच लग्नातली धून वाजवली, कारण रोझेंदोला ती आवडायची. दुपार कलताना फुटबॉलवाल्यांचं मध्यंतर झालं.

त्यांचा कप्तान लिगोर याने एर्मेलिंदापुढे संत्र्याची फोड धरली. "खा गं माय. दुसरा हाफ उरलाय अजून."

"आणि बरोबरी झाली तर?"

लिगोरने फादरांकडे पाहिलं. फादर विचारात पडले.

एर्मेलिंदा उठली, मनोऱ्याखाली गेली आणि दोरी ओढली. तीन ठोके, थांबून तीन, पुन्हा थांबून तीन. ही आंजेलची घंटा, सांजेच्या प्रार्थनेची. ऊन अजून अंगणात होतं, पण घंटा झाली म्हणजे झाली. रापणकार विड्या विझवून उभे राहिले. बँडवाल्यांनी टोप्या काढल्या. लिगोरने स्वतःच तोंडात टाकलेली फोड गालात तशीच राहिली. सगळ्यांनी एका सुरात प्रार्थना म्हटली. फादरांनीही.

आंजेल झाली की वडीलधाऱ्यांकडे आशीर्वाद मागायचा. जमलेल्यांत वयाने सगळ्यांत थोर एर्मेलिंदाच. ती पेटीपाशी येऊन उभी राहिली. तिच्यापुढे रांग लागली. ती एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होती, "देव बरं करो. खांदा दे."

शेवटी फादर आले. "माय, मिस्सा अर्धीच झालीय."

"उरलेली सावकाश करा," ती म्हणाली. "आता आशीर्वाद घ्या आणि पुढे चाला."

रोझेंदोला उन्हातच पुरलं. आंजेल होऊन गेली होती, म्हणून परत येताच गावाने दुकानं बंद केली, जेवणं उरकली आणि उजेडातच दारं लावून घेतली. सूर्य बुडाला तेव्हा घंटेकडे कुणी गेलं नाही. त्या दिवसाची वाजून झाली होती.